तिलावा आणि भिंतीवरची तसबीर

कोकणातल्या मुसलमानाच्या घरात दर्याची एखादी तरी गोष्ट असतेच. कुणाचा आजा आगबोटीवर सारंग होता, कुणाचा मामा इंजिनात कोळसा टाकत जगभर फिरला, कुणाचा चुलता आफ्रिकेत दुकान थाटून तिथलाच झाला. या गोष्टी रमजानात तरावीह आटोपल्यावर ओटीवर बसून सांगितल्या जातात आणि दर वेळी थोड्या वाढत जातात. आमच्या घरातली एक गोष्ट मात्र कुणी सांगत नसे. ती मला तुकड्यातुकड्यांनी कळली, आणि तिचा शेवटचा तुकडा हाती आला तेव्हा मी निवृत्त शिक्षक झालो होतो.

वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचे गाव. आजोळच्या घरात ओटीच्या भिंतीवर तीन वस्तू होत्या. काबा शरीफचे चित्र, किल्लीचे घड्याळ आणि लष्करी गणवेशातल्या नेताजी सुभाषचंद्र बोस यांची तसबीर. नाना मुंबईच्या गोदीत कामाला होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीच्या नाविकांनी ‘तलवार’वर संप पुकारला, १८ तारखेपासून २३ तारखेपर्यंत मुंबई पेटली, रस्त्यांवर गोळीबार झाला, तेव्हा नाना तिथेच होते. नाविकांच्या मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग, ही जोडी नाना शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. त्याआधी नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला होता. “एक मुसलमान, एक हिंदू, एक शीख, आणि तिघे एका पिंजऱ्यात!” हे नानांचे आवडते वाक्य. त्याच दिवसांत फुटपाथवर विकत घेतलेली ती तसबीर त्यांनी गावी आणून टांगली. आम्ही मुले त्या तसबिरीखाली अलिफ-बे शिकलो आणि तिच्याखालीच अ-आ-इ गिरवले.

न सांगितली जाणारी गोष्ट नानीच्या थोरल्या बहिणीची. आम्ही तिला मोठी नानी म्हणत असू. तिचा नवरा केप टाऊनला होता.

कोकणी मुसलमान केप टाऊनला कसे पोहोचले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. एवढेच सांगतो, की नाताळच्या उसाच्या मळ्यांत करारावर नेलेल्या गिरमिटिया मजुरांहून ही माणसे वेगळी. ही आपल्या पैशाने तिकीट काढून गेली. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या गावांतून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला ओढत नेले. कुणी भाजीपाला विकला, कुणी कामगार म्हणून राबला, कुणी गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा मालाचे दुकान टाकले. पण तिथल्या सरकारला ही माणसे नको होती. १९०२ च्या केपच्या कायद्याने नव्याने येणाऱ्यांवर युरोपियन भाषेत लिहिता येण्याची अट घातली. आधीपासून राहणाऱ्याला गावी यायचे तर परवाना घ्यावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचे ठसे आणि परतण्याची मुदत असे. मुदत टळली की दरवाजा बंद. बायकोचे काय? १९१३ मध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्माच्या रिवाजात एकाहून अधिक बायका करता येतात त्या रिवाजाने झालेले लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नव्हे. हा निकाल ज्या बाईच्या प्रवेशावरून लागला ती मुसलमान होती, बाई मरियम. गांधीजींच्या सत्याग्रहात बायका उतरल्या त्यामागे हा निकाल होता. १९१४ च्या कायद्याने त्यावर तोडगा निघाला आणि एका पत्नीला मान्यता मिळाली. तरीही नियमांचा काच गेला नाही. पत्नी आणि सोळा वर्षांखालची मुले, एवढ्यांनाच प्रवेश. १९२७ पासून आणखी एक अट आली. मुलाला पाठवायचे तर त्याची आई सोबत हवी. शिवाय तिथला रहिवासी सलग तीन वर्षे बाहेर राहिला तर त्याचा हक्क गेला.

या नियमांमुळे आमच्याकडची कित्येक लग्ने पोस्टाने चालली. नवरा चार-सहा वर्षांनी यायचा, काही महिने राहायचा आणि मुदत संपण्याआधी परत जायचा. मोठ्या नानीचा संसारही असाच. १९४२ मध्ये तिचा थोरला मुलगा पंधरा पुरा करून सोळाव्यात होता. धाकटी मुलगी सहा वर्षांची. बाहेर महायुद्ध पेटलेले. सिंगापूर पडले होते, रंगून पडले होते, आणि हिंदी महासागरात जपानी पाणबुड्या फिरत होत्या. शहाणा माणूस अशा वेळी बायकामुलांना बोटीत बसवत नाही. पण मुलाला सोळा पुरी झाली असती तर बापाच्या घराचा दरवाजा त्याला कायमचा बंद झाला असता. लढाई संपेपर्यंत थांबायची सवड त्या कायद्यात नव्हती. केपहून पत्र आले, “निघा.”

ती तिघे किनाऱ्याच्या बोटीने मुंबईला आली आणि डोंगरीत आमच्या गावच्या जमातीच्या खोलीत आठ दिवस राहिली. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘तिलावा’ ही १९२४ साली बांधलेली, सुमारे दहा हजार टनांची आगबोट. मुंबई ते आफ्रिका हा तिचा नेहमीचा रस्ता. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती मुंबईहून मोंबासा, लोरेन्सो मार्क्स (आजचे मापुटो) आणि डर्बनकडे निघाली. बोटीवर ७३२ उतारू, २२२ खलाशी व नोकर आणि ४ तोफची होते. म्हणजे ९५८ माणसे. पोटात सहा हजार टनांहून अधिक माल, आणि त्यात दक्षिण आफ्रिकेने नाणी पाडण्यासाठी घेतलेल्या चांदीच्या २,३६४ लाद्या. त्या चांदीची खबर डेकवर वळकटी पसरून झोपलेल्या उतारूंना कुठून असणार?

२३ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमाराला, सेशेल्स बेटांच्या ईशान्येला सुमारे नऊशे मैलांवर, जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो बोटीला लागला. जिल्कदचा चांद भरात आलेला, चांदणे पडलेले. माणसे झोपेतून उठून होड्यांकडे धावली. त्या गर्दीत काही होड्या पाण्यात उतरतानाच उलटल्या, आणि सर्वांत जास्त माणसे त्या गोंधळात गेली असे म्हणतात. बोट लगेच बुडाली नाही. ती तशीच तरंगत राहिलेली पाहून होड्यांतली काही माणसे परत वर चढली. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला आणि बोट गेली. एडवर्ड डंकन हा रेडिओ अधिकारी शेवटपर्यंत मदतीचे संदेश पाठवत जागेवर बसून राहिला आणि बोटीबरोबर गेला. वाचलेली माणसे होड्यांवर आणि तराफ्यांवर दोन दिवस उघड्या समुद्रावर होती. २५ नोव्हेंबरला ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेने त्यांना उचलले. आणखी चार जणांना ‘कार्थेज’ने वाचवले. एकूण ६७८ वाचले. २८० गेले. त्यांपैकी २५२ उतारू होते आणि २८ बोटीवरची माणसे.

२७ नोव्हेंबरला बर्मिंगहॅम मुंबईला लागली. मोठी नानी आणि तिची मुलगी तिच्यातून उतरल्या. मुलगा उतरला नाही.

युद्धाच्या दिवसांत बोट बुडाल्याची बातमी सेन्सॉरच्या हाती. गावाला जे कळले ते मोठ्या नानीच्या परतण्याने. आम्ही कोकणी शाफई. समोर मय्यत नसतानाही आमच्यात जनाज्याची नमाज होऊ शकते. जुम्याच्या नमाजनंतर गावच्या मशिदीत त्या मुलाची गायबाना नमाज झाली. इमामांनी हदीस सांगितली, की पाण्यात बुडून मेलेला शहीद असतो. तीन आठवड्यांनी बकरी ईद आली. आमच्या अम्मीचे वय तेव्हा चार-पाच वर्षांचे. तिला त्या ईदेचे एवढेच आठवते, की घरात सगळे होते आणि कुणी बोलत नव्हते.

पुढे मोठी नानी सहा वर्षे आजोळीच राहिली. नानांनी तसबीर टांगली ती याच काळात, १९४६ मध्ये. आल्यागेल्याला नाना नेताजींच्या गोष्टी सांगत, आणि आतल्या माजघरात मोठी नानी तांदूळ निवडत ऐकत असे. १९४८ मध्ये, मुलगी बारा वर्षांची असताना, ती पुन्हा बोटीत बसली. कंपनी तीच, दर्या तोच. “तुला भीती नाही वाटली का?” असे नानीने पत्रातून विचारल्यावर तिने लिहिले होते, “वाटली. पण पोरीलाही सोळावे लागायचेच होते.” तिचा हा हिशेब बरोबर ठरला. १९५३ च्या कायद्याने भारतातून बायकामुलांना नेण्याची वाटच बंद झाली.

केप टाऊनला ती डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत राहिली. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी ती वस्ती फक्त गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली. साठ हजारांहून अधिक माणसांना तिथून हलवून घरांवर बुलडोझर फिरवण्यात आला. मोठ्या नानीचे कुटुंब रायलंड्स या भारतीयांसाठी राखलेल्या वस्तीत गेले. तिथेच ती वारली. परत गावी ती कधी आली नाही.

इथपर्यंतची गोष्ट अनेक कुटुंबांची आहे. आता मला ठाऊक नसलेला तुकडा.

काही वर्षांपूर्वी मी आझाद हिंद सेनेतल्या मुसलमानांवर टिपणे काढत होतो. शाहनवाज खान सर्वांना ठाऊक असतात. मला लिहायचे होते ते आबिद हसन यांच्यावर. हे हैदराबादचे. जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि बर्लिनमध्ये नेताजींबरोबर काम करू लागले. ‘जय हिंद’ ही घोषणा त्यांनीच सुचवली असे मानले जाते. पुढे त्यांनी आपल्या नावाला ‘सफरानी’ जोडले आणि स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र सेवेत काम केले. फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी कील बंदरातून जर्मन पाणबुडीने पूर्वेकडे निघाले तेव्हा सोबतीला हिंदुस्थानी माणूस हा एकच. आफ्रिकेला वळसा घालून ती पाणबुडी मादागास्करच्या आग्नेयेला आली. तिथे जपानी पाणबुडी वाट पाहत होती. समुद्र खवळलेला होता. २८ एप्रिलला नेताजी आणि आबिद हसन रबरी होडीतून भिजत एका पाणबुडीतून दुसरीत गेले. भर युद्धात, भर समुद्रात झालेला हा बदल आजही अंगावर काटा आणतो. जपानी पाणबुडीने त्यांना सुमात्राजवळच्या साबांग बंदरात उतरवले. त्या पाणबुडीचा क्रमांक मी वहीत लिहून ठेवला होता, आय-२९.

तिलावाबद्दल मी काही शोधले नव्हते. घरचीच गोष्ट, ती काय शोधायची, असे वाटत असे. मग चांदीच्या बातम्या येऊ लागल्या. २०१७ मध्ये एका खाजगी कंपनीने समुद्राच्या तळातून त्या लाद्या वर काढल्या. चांदी कुणाची यावर इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला. मे २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. दरम्यान २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, ऐंशी वर्षांनी, तिलावाच्या उतारूंचे नातेवाईक मुंबईत स्मरणासाठी एकत्र जमले, ही बातमी मी वाचली. त्यात बोट बुडवणाऱ्या पाणबुडीचा क्रमांक होता.

आय-२९.

मी वही काढली आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले. नंतर आणखी पुस्तके पाहिली. चूक नव्हती. नोव्हेंबर १९४२ मध्ये मोठ्या नानीचा मुलगा ज्या पाणबुडीने बुडवला, तिनेच पाच महिन्यांनी नेताजींना आणि आबिद हसन यांना आपल्या पोटात घेतले. ज्या प्रवासाची गोष्ट नाना ओटीवर रंगवून सांगत आणि माजघरात मोठी नानी ऐकत असे, तो प्रवास त्याच पाणबुडीतला होता. सहा वर्षे ती बाई त्या तसबिरीखालून ये-जा करत होती.

वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. पहिला विचार मनात आला तो तसबीर काढून ठेवण्याचा. दुसरा विचार, हे अम्मीला सांगू नये असा.

मग मी शांतपणे तारखा मांडल्या. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, तर स्वतःच्या घरी तो नीट वाचायला नको का? २३ नोव्हेंबर १९४२ ला नेताजी जर्मनीत होते. तिलावा बुडवण्याशी त्यांचा संबंध नाही. पाणबुडी जपानच्या आरमाराची, लढाई जपान आणि इंग्लंडची. बोटीवर इंग्रजांचा झेंडा होता म्हणून ती शत्रूची ठरली, आणि झेंड्याखाली झोपलेली माणसे गुजरातची, कोकणची, गुलाम देशाची होती. ज्यांना इंग्रजांनी कधी आपले मानले नाही, ती इंग्रजांची म्हणून मेली. शिवाय त्या मुलाला भर युद्धात समुद्रावर कुणी ढकलले? गोऱ्या सरकारच्या वयाच्या अटीने. दोष वाटायचाच तर त्या कागदालाही त्याचा वाटा द्यावा लागेल. दुसरीकडे हेही खरे, की शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, हा हिशेब नकाशावर मांडताना सोपा दिसतो. त्या मित्राच्या टॉर्पेडोखाली आपली माणसे आहेत, हे नकाशावर दिसत नाही. नेताजींची निष्ठा आणि त्यांनी धरलेला हात, या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. नानांना ते जमले नसते. त्यांना ठाऊकच नव्हते. मला ठाऊक झाले, तेव्हा मला ते टाळता येत नव्हते. आणि ती पाणबुडी? जुलै १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीने तिला फिलिपिन्सजवळ बुडवले. तिच्यातलीही माणसे आपल्या आयांना दिसली नाहीत.

अखेर मी केप टाऊनला फोन लावला. तिलावातून वाचलेली ती सहा वर्षांची मुलगी, माझी केपवाली खाला, नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या नातीने व्हिडिओवर तिला समोर बसवले. खालाची भाषा अजून आमच्या खाडीकाठची, मध्येच इंग्रजी शब्द टाकणारी. मी सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “भाई होडीत बसला होता रे.”

मला कळेना.

“आम्ही तिघे होडीत होतो. बोट बुडत नव्हती. अम्मीने भाईला विचारले, कागद घेतलेस का? कागदांची पेटी वर राहिली होती. तो म्हणाला, आत्ता आणतो. आणखी माणसे वर चढत होती, त्यांच्याबरोबर गेला.”

त्या पेटीत त्याच्या जन्माचा दाखला होता, वय सोळाच्या आत असल्याचा पुरावा. त्याशिवाय त्याला डर्बनला कुणी उतरू दिले नसते. आमच्या घरात ही गोष्ट कुणी सांगत का नव्हते, हे मला त्या क्षणी समजले. मोठी नानी सारे आयुष्य पाणबुडीवर रागावलेली नव्हती. ती स्वतःच्या एका प्रश्नावर रागावलेली होती.

मी खालाला विचारले, “तसबीर काढून टाकू का?”

ती म्हणाली, “अम्मी निघण्याच्या आदल्या दिवशी पदराने ती तसबीर पुसत होती. मी विचारले, हे कोण ग? म्हणाली, हाही कुणाचा तरी लेक. याचीही मय्यत आईबापाच्या घरी आली नाही.”

ऑगस्ट १९४५ मध्ये नेताजींच्या विमान अपघाताची बातमी आली आणि ती न मानणारी असंख्य माणसे या देशात पुढे कितीतरी वर्षे वाट पाहत राहिली. ज्याची मय्यत दिसत नाही त्याची वाट पाहणे सुटत नाही, हे मोठ्या नानीला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

मी अम्मीला सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “त्याचे नाव कुठे लिहिलेले आहे का?” तो प्रश्न मला लागला. चांदीची एकेक लादी मोजली गेली. तिच्यावर तीन न्यायालयांत वाद झाला. आमच्या मुलाचे नाव मात्र आमच्या घरीही कुठे लिहिलेले नव्हते. मग मी घरच्या जुन्या कुरआन शरीफच्या पहिल्या कोऱ्या पानावर, जिथे जन्म-मृत्यू लिहायची आमची पद्धत आहे, तिथे त्याचे नाव आणि २३ नोव्हेंबर १९४२ ही तारीख लिहिली. आता दरवर्षी त्या दिवशी घरात फातिहा होते. तसबीर जागेवर आहे.

जुलै १९४७ मध्ये मुंबईहून रेवसला जाताना बुडालेली ‘रामदास’ कोकणाला आठवते. तिच्यात सहाशेहून अधिक माणसे गेली आणि किनाऱ्यावरच्या गावागावांत रडणे झाले. तिलावा दूर बुडाली, सेन्सॉरच्या अंधारात बुडाली, म्हणून ती आपल्या आठवणीत नाही. पण ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीच्या खलाशांच्या पिढ्या राबल्या आहेत आणि आफ्रिकेला गेलेली घरे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना एकदा विचारून पाहा. बेचाळीसच्या दर्यात कुणी गेले असेल, तर निदान त्याचे नाव कुठेतरी लिहून ठेवा.